बंद पडलेले वॉशिंग सेंटर

सातारा ते कराड आणि कराड ते सांगली या रस्त्यांनी प्रवास करणाऱ्यास, एखाद्या पेट्रोलपंपाच्या कडेला अथवा ढाब्याच्या मागे, गंजलेल्या पत्र्याचे छप्पर, त्याखाली सिमेंटची उतरती फरशी, भिंतीवर रंग उडालेली ‘वॉशिंग सेंटर’ ही अक्षरे आणि भोवती कमरेइतके वाढलेले गाजरगवत, असे दृश्य अधूनमधून दिसते. अशा मिळकतीचा मालक, किंवा ती भाडेपट्ट्याने घेऊन पुन्हा चालविण्याचे मनात आणणारा तरुण, जाणत्या माणसाकडे येतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पंप जागेवर आहे, मोटर जागेवर आहे, बोअरही आहे, मग वीज जोडून घेतली आणि बटण दाबले म्हणजे काम झाले ना?

बटण दाबल्यावर मोटर फिरेलही. परंतु अशी केंद्रे बंद पडतात ती पंपापायी क्वचितच. उन्हाळ्यात बोअरचे पाणी आटते, किंवा मळक्या पाण्याची वाट तुंबून ते शेजाऱ्याच्या बांधात शिरते आणि तक्रारअर्ज सुरू होतात, किंवा खाऱ्या पाण्याचे डाग काचेवर राहू लागल्याने गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. मग थकबाकी साचते, वीज तुटते आणि शेवटी दाराला कुलूप लागते. त्या कुलपाआड पंप बहुधा धडधाकट अवस्थेत राहिलेला असतो, आणि पुढे वर्षानुवर्षे न फिरल्यामुळेच बिघडतो. म्हणून ज्यास केंद्र पुन्हा उभे करावयाचे आहे त्याने पंपाकडे सर्वांत शेवटी वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि या प्रकरणाची मांडणीही त्याच क्रमाने, प्रथम पाणी, मग खड्डा, मग वीज आणि अखेरीस पंप, अशी केली आहे.

१. यंत्रणेची ओळख

ज्या केंद्रात गाडीचा मालक आपल्या हाताने गाडी धुतो आणि केंद्रचालक त्यास दाबाचे पाणी, साबणाचा फेस व काही मिनिटांचा अवधी एवढेच विकतो, ते स्वयंसेवा केंद्र होय. ग्राहक गाडी कप्प्यात उभी करतो, पेटीत नाणी टाकतो अथवा मोबाइलवरून पैसे भरतो; त्याबरोबर टायमर चालू होऊन विजेवर उघडणारी एक झडप, जिला कारागीर सोलेनॉइड म्हणतात, पाण्याची वाट मोकळी करते, आणि हातातल्या गनचा खटका दाबताच फवारा सुटतो. अवधी संपला की झडप मिटते. भिंतीच्या अलीकडे ग्राहकास दिसते ते एवढेच. पलीकडे पाण्याची टाकी, प्रेशर पंप, मोटर, साबणाचे पिंप व विजेचे पॅनेल असते. आणि या सर्वांहून महत्त्वाचा भाग पायाखाली, लोखंडी जाळीआड असतो, तो म्हणजे मळके पाणी ज्यात उतरते तो खड्डा.

आपल्या भागात गाडी केंद्रावर सोडून चहाला जाण्याची व तोवर पोरांनी ती धुऊन ठेवण्याची रीत अधिक रूढ आहे. त्यामुळे स्वयंसेवा केंद्र म्हणजे मनुष्यविरहित केंद्र, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. दाबाची गन नवख्याच्या हाती देताना ती कशी धरावी हे दाखविणारा एक माणूस जागेवर असलाच पाहिजे. त्याचे कारण पंपाच्या परिच्छेदात येईल.

२. पाणी किती?

उघड्या नळीने गाडी धुताना किती पाणी जाते हे पाहण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. १५ लिटरची बादली नळीखाली धरावी आणि घड्याळ पाहावे. बादली एका मिनिटात भरली आणि गाडी धुईपर्यंत नळी १२ मिनिटे वाहत राहिली, तर १८० लिटर पाणी गेले. दाबाच्या गनमधून मिनिटाला सुमारे १० लिटर पाणी सुटते. साबण लावण्याचा व चोळण्याचा वेळ सोडून खटका एकंदर ६ मिनिटे दाबलेला राहिला, तर तीच गाडी ६० लिटरांत स्वच्छ होते. दाब वाढला म्हणजे पाणी जास्त जात असेल, ही सर्वसाधारण समजूत या साध्या हिशेबाने दूर व्हावी. मळ सोडविण्याचे काम येथे पाण्याचा वेग करतो, म्हणून पाण्याचे परिमाण कमी चालते.

या फरकाचे मोल ज्यांनी एप्रिल २०१६ पाहिला त्यांस निराळे सांगावे लागत नाही. लातूर शहराचे नळ कोरडे पडले तेव्हा मिरजेच्या स्थानकातून कृष्णेच्या पाण्याने भरलेली ‘जलदूत’ गाडी निघाली आणि १२ एप्रिलच्या पहाटे लातुरास पोहोचली. त्या पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी गेले. एवढ्या पाण्यात उघड्या नळीने २,७७७ गाड्या धुतल्या जातील आणि गनने ८,३३३. ज्या सांगली जिल्ह्याने हे पाणी दुसऱ्यास पाठविले त्याच जिल्ह्यातील जत व आटपाडी हे तालुके अवर्षणाचे आहेत. आणि सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळत असता माण तालुक्याच्या वाट्यास ५०० मिलिमीटरांच्या आसपासच येतो. तेव्हा वाईच्या केंद्राला दिलेला सल्ला दहिवडीच्या केंद्राला जसाच्या तसा लागू पडणार नाही, हे आरंभीच ध्यानात ठेवावे.

आता आपल्या केंद्राचा रोजचा खर्च काढू. दिवसाला १५ मोटारगाड्या प्रत्येकी ६० लिटरप्रमाणे ९०० लिटर, २० दुचाकी प्रत्येकी २० लिटरप्रमाणे ४०० लिटर, ४ ट्रॅक्टर प्रत्येकी २५० लिटरप्रमाणे १,००० लिटर, आणि फरशी धुण्यास २०० लिटर, मिळून २,५०० लिटर झाले. जी बोअर पावसाळ्यानंतर सहज एवढे पाणी देते ती मे महिन्यात देईलच असे नाही. म्हणून बोअरची परीक्षा मे महिन्यातच घ्यावी. सकाळी बोअरचा पंप चालू करून पाणी तुटेपर्यंत टाकीत सोडावे, टाकीवर खडूने खूण करावी, बोअरला विसावा देऊन दुपारी व सायंकाळी हाच क्रम पुन्हा करावा आणि तिन्ही वेळचे पाणी मिळवावे. बेरीज १,५०० लिटरांवर थांबली तर ट्रॅक्टर धुण्याचा विचार उन्हाळ्यापुरता सोडून द्यावा, किंवा खड्ड्यातील पाणी निवळून त्याने गाडीखालचा चिखल काढण्याची तजवीज करावी. टँकरच्या पाण्यावर वॉशिंग सेंटर चालविणे मला कोणत्याही दृष्टीने समर्थनीय वाटत नाही. शेजारच्या वस्तीत घागरींची रांग लागलेली असताना तर मुळीच नाही.

३. पाणी कसले?

वर्षानुवर्षे न उपसलेल्या बोअरमधून प्रथम येणारे पाणी गंजाच्या रंगाचे व कुबट वासाचे असते. ते साचलेले पाणी असल्यामुळे त्यावरून भूजलाची परीक्षा करणे चुकीचे ठरते. सहा इंची बोअरमध्ये ६० मीटर उंचीपर्यंत पाणी उभे असेल तर त्याचे मान सुमारे १,०६० लिटर होते. एवढे पाणी तीनदा, म्हणजे अंदाजे ३,२०० लिटर, उपसून टाकल्यावर जे येईल ते खरे आतले पाणी, आणि तपासणीस द्यावयाचा नमुना त्याचाच घ्यावा.

सातारा-सांगलीची भूमी काळ्या पाषाणाची, भूशास्त्राच्या परिभाषेत बेसाल्टची, आहे. पावसाचे पाणी या खडकाच्या भेगांतून मुरत जाताना त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळवून घेते आणि त्यामुळे ते जड, म्हणजेच दुष्फेन, बनते. अशा पाण्यात साबणाला फेस धरत नाही, आणि ते तापले अथवा सुकले की पांढरा थर मागे राहतो. न्हाणीघरातील तांब्याच्या बंबात आतून खरवडून काढावा लागतो तोच हा थर. कृष्णाकाठच्या वाळवे, पलूस व मिरज तालुक्यांत आणखी एक संकट आहे. तेथे अमर्याद पाणी पाजल्यामुळे उसाच्या कित्येक जमिनी क्षारपड झाल्या आणि ते क्षार विहिरी-बोअरींतही उतरले. नदी हाकेच्या अंतरावर असूनही बोअरचे पाणी जिभेला मचूळ लागावे, हा तेथील अनुभव आहे.

गाडीवर डाग का पडतात ते आकड्यांत पाहू. पाण्यात लिटरला १,२०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि धुतल्यावर गाडीच्या अंगावर अर्धा लिटर पाणी थेंबाथेंबांनी राहिले, असे धरा. ऊन लागले की पाणी उडून जाईल, परंतु ६०० मिलिग्रॅम क्षार काचेवर व रंगावर तसेच राहतील. काळ्या गाडीवर हे ठिपके दुरून दिसतात, आणि धुतलेली गाडी मळकी दिसली की ग्राहक पुन्हा फिरकत नाही.

यावर सॉफ्टनर नावाचे यंत्र बसवितात. त्याच्या नळकांड्यात रेझिनचे मोहरीएवढे मणी भरलेले असतात. हे मणी पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम स्वतःकडे घेतात व त्यांच्या बदली सोडियम सोडतात, आणि त्यांची शक्ती संपली की मिठाच्या पाण्याने ती परत येते. बंद केंद्रातील सॉफ्टनरचे मणी बहुधा वाळून तडकलेले असतात. ते नवेच भरावेत. मात्र एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत म्हणून येथे सांगणे अगत्याचे आहे : सॉफ्टनरने क्षारांचा प्रकार बदलतो, त्यांचे एकूण प्रमाण घटत नाही. साबणाला फेस येतो, नोझल तुंबत नाही, डाग ओल्या फडक्याने पुसले जातात; परंतु डाग पडणे थांबत नाही. त्यासाठी शेवटचे पाणी क्षारविरहित असावे लागते, आणि ते आरओ यंत्रातून घ्यावे किंवा आकाशातून.

आकाशातील पाण्याचा मार्ग मला अधिक रुचतो. केंद्राला पत्र्याचे छप्पर असतेच. ते १०० चौरस मीटर असेल आणि पाऊस माण तालुक्याएवढाच, ५०० मिलिमीटर, धरला तरी ५०,००० लिटर पाणी त्यावर पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी ४०,००० लिटर हाती येते. शेवटच्या फवाऱ्यास प्रत्येक गाडीमागे १० लिटर पुरतात. म्हणजे हे पाणी ४,००० गाड्यांचे झाले. सगळे साठविता येणार नाही हे खरे, पण १०,००० लिटरांची एक टाकी पावसाळ्यात अनेकदा भरते आणि अखेरची भर दिवाळीपलीकडे पुरते. छप्पर दुरुस्त करतानाच पन्हळी व टाकी जोडून घेतल्यास वेगळा खर्च फारसा येत नाही.

४. खड्डा

गाडीवरून उतरलेल्या पाण्यात माती, वाळू, ग्रीस, डिझेल, इंजिनचे तेल व साबण एकत्र असतात. खड्डा त्यांची फारकत करतो. बहुधा तो तीन कप्प्यांचा असतो. पहिल्यात पाण्याचा वेग मंदावून जड माती तळाशी बसते. दुसऱ्यात तेल हलके असल्यामुळे वर तरंगते, आणि तिसऱ्याकडे जाणारी वाट मधल्या भिंतीच्या तळाशी ठेवलेली असल्याने तरंगते तेल मागे अडून केवळ खालचे पाणी पुढे सरकते. या योजनेत एकही फिरता भाग नाही. तिला फक्त वेळ लागतो, आणि बंद केंद्रांत नेमका तोच तिला मिळत नाही. गाड्या धुण्याच्या दोन कप्प्यांतून मिनिटाला २० लिटर पाणी येत असेल आणि खड्ड्यात १,२०० लिटर मावत असेल, तर प्रत्येक थेंब आत सुमारे एक तास राहतो. खड्डा निम्मा गाळाने भरला की तो तास अर्ध्या तासावर येतो, आणि सांगलीकडच्या काळ्या मातीचे कण इतके सूक्ष्म असतात की अर्ध्या तासात ते बसतच नाहीत. त्यातच साबण प्रमाणाबाहेर वापरला तर तो तेलाचे बारीक कण करून पाण्यात मिसळून टाकतो आणि तेल तरंगण्याचेच विसरते. म्हणून साबणाच्या पिंपावरील मात्रा कमी ठेवणे हे खड्ड्याचे पहिले रक्षण होय.

खड्डा साफ करण्यापूर्वी जी खबरदारी घ्यावयाची ती अत्यंत गंभीरपणे वाचावी, कारण येथे चूक झाल्यास मनुष्य दगावतो. वर्षानुवर्षे झाकलेल्या खड्ड्यात सेंद्रिय गाळ कुजून प्राणवायू संपलेला असतो. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचलेला असतो, ज्याचा सडक्या अंड्यासारखा वास प्रथम येतो, पण प्रमाण वाढले की नाक बधिर होऊन तो वास येईनासा होतो. आणि त्यावर पेट्रोल-डिझेलची वाफही असू शकते. जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची आपल्याकडील पद्धत सर्वांस ठाऊक आहे. या खड्ड्यात ती कदापि करू नये, कारण विहिरीत जेथे ज्योत विझली असती तेथे या खड्ड्यात भडका उडेल. झाकणे काढून खड्डा दोन दिवस उघडा ठेवावा, भोवती दोर बांधून मुलांना व जनावरांना दूर ठेवावे, आणि गाळ वरूनच सक्शनच्या टँकरने काढून घ्यावा. कोणासही आत उतरवू नये. एक माणूस बेशुद्ध पडला की दुसरा त्यास काढण्यास उतरतो आणि तोही पडतो, असे प्रसंग विहिरी व मैल्याच्या टाक्या यांत वारंवार घडले आहेत. पडलेल्यास वाचविण्याची इच्छा कितीही प्रबळ असली तरी अग्निशमन दलास बोलावणे व वरून हवा सोडणे एवढेच वरच्या माणसाच्या हाती असते.

निघालेला तेलकट गाळ ओढ्यात, बांधावर अथवा ग्रामपंचायतीच्या उकिरड्यावर टाकता येत नाही. तो घातक कचऱ्यात मोडतो व अधिकृत संस्थेकडे सोपवावा लागतो. हा नियम काहींना जाचक वाटतो. परंतु नदीत सोडावयाच्या सांडपाण्यात तेल व ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमहून अधिक नसावे, ही मर्यादा घेऊन गणित केले तर त्याचे कारण पटते : इंजिनच्या एक लिटर तेलाचे वजन सुमारे ८५० ग्रॅम, म्हणजे साडेआठ लाख मिलिग्रॅम, ते त्या मर्यादेपर्यंत पातळ करण्यास ८५,००० लिटर पाणी लागेल. आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील बहुतेक ओढे शेवटी कृष्णेला मिळतात, जिचे पाणी सांगली-मिरज पितात.

गाळ निघाल्यावर खड्डा गळतो का ते पाहावे. काळी जमीन पावसात फुगते व उन्हात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यातील काँक्रीटला तडे जाणे नित्याचे आहे. खड्डा स्वच्छ पाण्याने भरून सायंकाळी भिंतीवर रेघ ओढावी, वर झाकण घालावे आणि सकाळी पाहावे. पाणी रेघेच्या खाली गेले असेल तर ते कोठे गेले याचा विचार करताना आपली बोअर किती फुटांवर आहे हेही मोजावे. शेवटी, पावसाचे पाणी खड्ड्यात शिरू नये म्हणून भोवती उंचवटा बांधावा. वळवाच्या एका सरीने खड्डा उतू गेला तर वर्षभर अडविलेले तेल एका तासात ओढ्यात जाते.

५. वीज

जुन्या पॅनेलचे दार उघडण्यापूर्वी काठीने ठोठावावे. उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात, आणि उंदरांमागे घोणस किंवा नाग आलेला असण्याचा संभव असतो.

मोटर बाहेरून कोरडी दिसली तरी तिच्या गुंडाळीत दमटपणा मुरलेला असू शकतो. वायरमनकडील मेगर नावाचे उपकरण तारेवरील आवरणाचा विद्युत्‌रोध मोजते. तो एक मेगओहमच्या खाली भरला तर मोटरला वीज देऊ नये, उन्हात सुकवून पुन्हा मोजावे, आणि तरीही न वाढल्यास गुंडाळी नव्याने भरून घ्यावी. ज्या केंद्रात फरशी सदैव ओली आणि माणसाच्या पायात बहुधा चप्पल, तेथे अर्थिंगचा खड्डा नव्याने करणे आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे संरक्षक बटण बसविणे यांत काटकसर करणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या जिवावर बचत करणे होय.

सांगलीच्या पूररेषेतील केंद्रांचा विचार निराळा. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपलीकडे गेले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५० फुटांच्या वर चढले. जे केंद्र त्या पाण्याखाली होते तेथील मोटर, टायमर व पॅनेल दुरुस्त करण्याच्या भरीस पडू नये. पुराच्या पाण्यातला चिकट गाळ आतपर्यंत शिरलेला असतो. नवे पॅनेल भिंतीवरील पुराच्या खुणेच्या वर बसवावे, आणि मोटर चार बोल्ट काढून उचलता येईल अशी ठेवावी.

६. पंप

किर्लोस्करवाडी हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे; १९१० साली ते औंध संस्थानात होते, आणि संस्थानाधिपतींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तेथे कारखाना वसविला. १९२६ साली त्या कारखान्यात सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला, आणि कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या मनात पंप म्हटला की त्याच जातीचे यंत्र उभे राहू लागले. त्यात चक्र फिरते आणि पाणी बाहेर फेकले जाते; पाणी पुष्कळ, दाब बेताचा. गाडी धुण्याचा प्रेशर पंप याच्या उलट प्रकृतीचा आहे. त्यात तीन दट्टे, म्हणजे प्लंजर, आळीपाळीने पुढेमागे होऊन थोडे पाणी अतिशय दाबाने ढकलतात. शेतीच्या पंपावर हात बसलेला कारागीर या पंपालाही तसाच समजून नोझल बंद ठेवून चालवू लागला, तर दाबाला वाट न मिळून सील किंवा पाइप फुटतो.

हा दाब केवढा? सुमारे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा तळाशी जो दाब पडतो त्यास एक बार म्हणतात. प्रेशर पंप १०० बारचा असेल तर तो १,००० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब देतो. सातारा शहरापासून अजिंक्यताऱ्याचा माथा सुमारे ३०० मीटर उंच आहे. असे तीन अजिंक्यतारे एकावर एक ठेवून वरून नळ खाली आणावा, तेव्हा त्या नळाच्या तोंडाशी जो जोर असेल तो या गनमध्ये आहे. म्हणूनच ती माणसाकडे, किंवा स्वतःच्या पायांवरील चिखल काढण्यासाठी पायांकडे, कधीही धरू नये. हा फवारा कातडी भेदून आत जातो; बाहेर टाचणीएवढी जखम दिसते, पण आत पाणी, साबण व जंतू पसरलेले असतात, आणि अशा माणसास वेदना नसल्या तरी त्याच घटकेस शल्यचिकित्सकाकडे नेले पाहिजे. कप्प्यात माणूस उभा असावा असे वर म्हटले ते यासाठी.

पंप सुरू करण्याची रीत सांगतो. प्रथम तेल काढून पाहावे. ते दुधासारखे पांढरट झाले असेल तर पाणी आत शिरले आहे आणि सील गेला आहे. बेल्ट काढून पुली हाताने फिरवावी. ती अडली तर मोटरच्या जोराने फिरविण्याचा मोह टाळावा व पंप उघडावा. रबराचे सील कोरडे राहून कडक होतात, म्हणून ते चांगले दिसले तरी बदलावेत. सिरॅमिकच्या प्लंजरवर नख फिरवावे. नखाला ओरखडा लागला तर नवा सील महिनाभरही टिकणार नाही. तारेच्या विणीचा जुना दाबपाइप तपासत बसू नये, तो टाकून द्यावा. मग टाकीतून पाणी आपोआप पंपात उतरते आहे याची खात्री करून, गनचे नोझल काढून, पंप चालू करावा. गंजाचे पाणी व हवा निघून जाऊन धार अखंड झाली की नोझल लावून दाब हळूहळू वाढवावा. पाण्याविना पंप काही मिनिटे फिरला तरी नवे सील जळतात.

विजेच्या खर्चाची अनेकांना भीती वाटते. या कामास ३ अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे २.२ किलोवॉटची, मोटर पुरते; एका गाडीस ती १२ मिनिटे फिरत राहिली तरी अर्धे युनिटसुद्धा जळत नाही.

नाण्यांची जुनी पेटी नाण्याचा व्यास, वजन व धातू यांवरून ते ओळखते. केंद्र २०१९ पूर्वी बंद झाले असेल तर त्या पेटीला बारा कोनांचे २० रुपयांचे नाणे ठाऊकच नाही. पेटी नव्याने जुळवून घ्यावी किंवा मोबाइलने पैसे घेणारा टायमर बसवावा.

७. दप्तर

सांडपाणी बाहेर सोडणाऱ्या व्यवसायास १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यान्वये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, आणि जुने संमतिपत्र असले तरी त्याची मुदत पाहावी. सातबाऱ्यावर जमीन बिगरशेती आहे की नाही, महावितरणची थकबाकी कोणाच्या नावावर आहे, आणि भाडेपट्ट्यात खड्ड्याच्या सफाईची जबाबदारी कोणावर टाकली आहे, या तीन बाबींचा खुलासा पैसे गुंतविण्यापूर्वी लेखी करून घ्यावा. तिसऱ्या बाबीवरून पुढे तंटे होतात.

८. केव्हा उघडावे?

दसऱ्याच्या आधीचे आठ दिवस या धंद्यात सर्वांत गर्दीचे. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर गाडीचीही पूजा होते आणि त्याआधी ती धुतली जाते. त्याच सुमारास कास पठारावरील फुले पाहून परतणाऱ्या गाड्या तांबड्या चिखलाने माखलेल्या असतात, आणि त्यामागोमाग ऊसतोडणीचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. ट्रॅक्टर व ट्रॉली यांना स्वतंत्र कप्पा द्यावा. त्यांच्या एका चाकाची काळी माती मोटारगाड्यांच्या दिवसभराच्या मातीला भारी पडते, आणि मोटारगाड्यांचाच खड्डा त्यांनाही वापरला तर तो महिन्यात भरतो. दसऱ्यास दार उघडावयाचे तर भाद्रपदात पंप चालू झालेला असावा, श्रावणापूर्वी छप्पर व पन्हळी लागलेल्या असाव्यात, खड्डा पावसाआधी उपसलेला असावा, आणि पाण्याची परीक्षा त्याहून आधी, कडक उन्हाळ्यात, झालेली असावी.

तेव्हा ज्याच्या ताब्यात असे बंद केंद्र आहे त्याने येत्या मे महिन्यात, पंपाच्या एकाही बोल्टला हात लावण्यापूर्वी, बोअर तीनदा उपसावी, स्वच्छ बाटलीत दोन लिटर पाणी भरावे, आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणीस द्यावे.